लायब्ररीच्या फाइल्स जोडायच्या कुणासाठी आणि दाबायच्या कुणी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्या लायब्ररीत १४ जावास्क्रिप्ट फाइल्स आहेत आणि सगळ्या एकाच ग्लोबल ऑब्जेक्टला लटकलेल्या आहेत. लोकांना १४ स्क्रिप्ट टॅग लिहावे लागू नयेत म्हणून तुम्ही त्या कमांड लाइनवर एकापुढे एक चिकटवल्या, मिनिफाय केल्या (म्हणजे अर्थ तोच ठेवून कोड लहान केला) आणि तयार झालेली फाइल डिस्ट फोल्डरमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या तयार फाइल्सच्या फोल्डरमध्ये, कमिट केली. मग दोन तक्रारी आल्या. एका वापरकर्त्याला पान उघडताच ‘इज नॉट अ फंक्शन’ ही एरर दिसते, पण सुट्या फाइल्स लावल्या की सगळं नीट चालतं. आणि मदत करायला आलेल्या दोघांच्या पुल रिक्वेस्ट (त्यांनी पाठवलेले कोडमधले बदल) दर वेळी त्याच डिस्टमधल्या फाइलीवर अडकतात. यावर तुम्ही विचारलंत, ‘जोडायला आणि दाबायला कुठलं टूल चांगलं?’

टूलबद्दल सांगते, पण ते थोडं पुढे. टूल बदलल्याने पहिली तक्रार कदाचित जाईल, दुसरी नक्की राहील. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. एकाच फाइलीकडून तुम्ही तीन वेगवेगळ्या माणसांची कामं करून घेताय: ज्याला थेट पानावर स्क्रिप्ट टॅग लावायचा आहे तो, जो एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सार्वजनिक कोठारातून) तुमची लायब्ररी घेऊन स्वतःच्या बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून तयार फाइल्स बनवण्याच्या प्रक्रियेत, घालतो तो, आणि जो तुमचा कोड वाचून त्यात सुधारणा पाठवतो तो. या तिघांना तीन वेगळ्या गोष्टी लागतात. मी गेली बारा वर्षं एक तारीख निवडण्याचं विजेट आणि दोन छोट्या लायब्ररी सांभाळते आहे, आणि या बाबतीत माझं मत आता पक्कं झालं आहे. लायब्ररीच्या लेखकाने जोडणं आणि दाबणं कमीत कमी करावं. ते खरं तर शेवटचं ॲप बांधणाऱ्याचं काम आहे. ज्याच्याकडे बिल्ड नाही, फक्त त्याच्यासाठी आपण ते करून द्यायचं.

आधी ती एरर. फाइल न बघता सांगते आहे, त्यामुळे खात्री तुम्हीच करून घ्या. पण ‘सुट्या चालतात, जोडल्या की मोडतात’ हे लक्षण दिसलं की मी सगळ्यात आधी सेमीकोलन बघते. तुमच्या एखाद्या फाइलीचा शेवट असा असणार: ग्लोबल ऑब्जेक्टच्या एखाद्या प्रॉपर्टीला एक फंक्शन दिलं, महिरपी कंस बंद केला आणि पुढे सेमीकोलन घातला नाही. सुटी फाइल असताना हे चालतं, कारण फाइल संपली की वाक्य संपलं असं इंजिन धरतं. पण पुढची फाइल गोल कंसाने सुरू होत असेल, म्हणजे स्वतःला लगेच चालवणाऱ्या फंक्शनने, तर चिकटवल्यावर इंजिनाला त्या दोन ओळी मिळून एकच वाक्य दिसतं. जावास्क्रिप्ट नवीन ओळीवर सेमीकोलन आपणहून घालते ती बहुतेक वेळा पुढचा मजकूर आधीच्याला व्याकरणाने जुळत नसेल तेव्हाच. इथे तो व्यवस्थित जुळतो. आधीच्या फंक्शनला हाक मारली जाते, पुढच्या फाइलीतलं अख्खं फंक्शन त्याला आर्ग्युमेंट म्हणून जातं, त्यातून अनडिफाइन्ड परत येतं आणि मग त्या अनडिफाइन्डलाच फंक्शन समजून हाक मारली जाते. एरर नेमकी तिथे फुटते. माझ्या विजेटच्या एका आवृत्तीत हेच झालं होतं. मी रात्री उशिरा प्रकाशित केली आणि सकाळी उठेपर्यंत एका संस्थेच्या अर्जाच्या पानावरचं कॅलेंडर बंद पडलेलं होतं. माझ्या टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, कारण त्या सुट्या फाइल्सवर चालत होत्या. तेव्हापासून जी फाइल लोकांच्या हातात जाते तिच्यावरच टेस्ट पुन्हा चालवल्याशिवाय मी काहीही प्रकाशित करत नाही.

जुन्या लायब्ररींच्या फाइल्सच्या अगदी सुरुवातीला एकटाच सेमीकोलन दिसतो, तो याच भीतीपोटी. आपल्या आधी कुणाची फाइल चिकटवली जाईल आणि ती नीट संपलेली असेल की नाही, हे लेखकाला माहीत नसे.

चिकटवण्यातला दुसरा धोका जास्त लपलेला आहे: ‘यूज स्ट्रिक्ट’. ही सूचना फाइलीच्या किंवा फंक्शनच्या अगदी सुरुवातीला असेल तरच लागू होते. पहिल्या फाइलीच्या माथ्यावर ती असेल तर जोडल्यानंतर सगळ्या १४ फाइल्स स्ट्रिक्ट मोडमध्ये जातात. मग नवव्या फाइलीत कुणी व्हेरिएबल जाहीर न करताच त्याला किंमत दिली असेल, तर तिथे एरर येते. उलट, ती सूचना पाचव्या फाइलीत असेल तर जोडल्यावर ती मधोमध येते आणि नुसती एक निरुपयोगी स्ट्रिंग होऊन पडते. कोड चालत राहतो, पण स्ट्रिक्ट मोडचं संरक्षण गेलेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय असा की प्रत्येक फाइल स्वतःच्या फंक्शनमध्ये गुंडाळायची आणि सूचना त्या फंक्शनच्या आत ठेवायची.

तिसरं म्हणजे क्रम. ‘फोल्डरमधल्या सगळ्या जेएस फाइल्स’ असं सांगून जोडत असाल तर तो क्रम तुमचा नाही, तो शेलचा किंवा टूलचा आहे. दुसऱ्याच्या मशीनवर तो वेगळा निघू शकतो. जोपर्यंत चिकटवताय तोपर्यंत फाइल्सची नावं एका यादीत हाताने, क्रमाने लिहून ठेवा.

आता ‘दाबणं’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात, त्या वेगळ्या करते, कारण पुढचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. मिनिफाय करणं म्हणजे कोडचा अर्थ तोच ठेवून तो थोडक्यात लिहिणं: कॉमेंट काढणं, मोकळ्या जागा काढणं, आतल्या व्हेरिएबलची नावं एकाक्षरी करणं, कधीच न चालणारा भाग गाळणं. निघालेली फाइल अजूनही जावास्क्रिप्टच असते आणि ब्राउझर ती जशीच्या तशी चालवतो. जीझिप किंवा ब्रॉटली ही वाटेवरची घडी आहे. सर्व्हर बाइट्स दाबून पाठवतो, ब्राउझर उलगडतो आणि आत तीच फाइल मिळते. हे दुसरं काम सर्व्हरचं आहे, लायब्ररीचं नाही. तुम्ही पॅकेजमध्ये जीझिप केलेल्या फाइल्स घालायची काहीच गरज नाही.

दोन्हींचा एकत्र परिणाम किती, हे जेक्वेरीसारख्या सर्वांच्या ओळखीच्या लायब्ररीवर बघता येतं. तिच्या ३.७ आवृत्तीची मूळ फाइल अंदाजे २८० किलोबाइट, मिनिफाय केलेली साधारण ८७ आणि ती जीझिप होऊन वाटेवरून जाते तेव्हा ३० च्या आसपास. म्हणून आकार मोजायचा तर जीझिपनंतरचा मोजा. मिनिफायरच्या आकड्यावर भुलून लोक विचित्र युक्त्या करतात, उदाहरणार्थ वारंवार येणाऱ्या स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये काढून ठेवणं. कच्ची फाइल त्याने घटते, पण जीझिपला पुनरावृत्ती आवडतेच. मागच्या ३२ किलोबाइटमध्ये तोच तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो फक्त ‘तिकडे बघ’ एवढीच खूण ठेवतो. त्यामुळे अशा युक्त्यांनी वाटेवरचा आकार जवळजवळ हलत नाही, कधी थोडा वाढतोही. एके काळी पॅकर नावाचं टूल गाजलं होतं. ते अख्खा कोड एका स्ट्रिंगमध्ये कोंबून चालताना इव्हॅलने (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनने) उलगडत असे. प्रत्येक वेळी पान उघडलं की ब्राउझरला तो उलगडण्याचा खर्च भरावा लागे. सर्व्हरवर जीझिप चालू असताना असं काही वापरण्याचं कारण उरत नाही. आजही कुणी तसं सुचवलं तर नाही म्हणा.

जोडण्याचं कारणही काळाप्रमाणे बदललं आहे. एचटीटीपी/१.१ च्या काळात ब्राउझर एका होस्टशी एका वेळी साधारण सहाच कनेक्शन उघडत असत, त्यामुळे १४ फाइल्स म्हणजे रांग. २०१५ मध्ये एचटीटीपी/२ प्रमाणित झालं आणि एकाच कनेक्शनवरून अनेक फाइल्स एकदम येऊ लागल्या. तेव्हा ‘आता जोडायची गरजच नाही’ असं बरेच जण म्हणाले. मीही एका प्रकल्पात तसं करून पाहिलं आणि परत फिरले. कारण रांग गेली तरी शोध राहतो. एका मॉड्यूलमध्ये दुसऱ्याचा इम्पोर्ट आहे, हे पहिली फाइल येऊन वाचली गेल्यावरच ब्राउझरला कळतं. दुसऱ्यात तिसऱ्याचा असेल तर पुन्हा तेच. साखळी चार पायऱ्यांची असेल तर सर्व्हरकडे चार फेऱ्या. मॉड्यूल-प्रीलोडने (फाइल आधीच मागवायला सांगणाऱ्या टॅगने) हे कमी करता येतं, पण त्यासाठी वापरकर्त्याने तुमच्या आतल्या फाइल्सची नावं स्वतःच्या पानात लिहायला हवीत, आणि ती नावं तुम्ही उद्या बदलणार. शिवाय सुट्या फाइल्स वेगवेगळ्या जीझिप होतात, एकीतली पुनरावृत्ती दुसरीला उपयोगी पडत नाही. म्हणून स्क्रिप्ट टॅगवाल्यांसाठी एक जोडलेली फाइल आजही योग्यच आहे. ‘सीडीएनवरची सामाईक प्रत ब्राउझरमध्ये आधीच असेल’ हा सीडीएनचा, म्हणजे अनेक साइट्सना फाइल्स पुरवणाऱ्या सामाईक सर्व्हरांचा, जुना युक्तिवाद मात्र आता सोडा. क्रोमने २०२० मध्ये कॅश प्रत्येक साइटपुरती वेगळी केली, सफारीने त्याच्या बऱ्याच आधी. दुसऱ्या साइटवर उतरवलेली प्रत तुमच्या वापरकर्त्याला मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचं बिल्ड आहे ते लोक. त्यांना तुम्ही जोडून-दाबून फाइल दिलीत तर मदत होत नाही, उलट वाट अडते. त्यांचा बंडलर, म्हणजे फाइल्स जोडणारं टूल, शेवटी सगळं मिनिफाय करणारच आहे. तुम्ही आधी दाबून ठेवलंत तर आकारात त्यांना काही मिळत नाही, पण एरर आली की स्टॅकमध्ये एकाक्षरी नावं दिसतात आणि ती तक्रार तुमच्याकडे ‘टीच्या आत ईवर काहीतरी मोडलं’ अशा रूपात येते. त्याहून मोठं नुकसान न वापरलेला कोड गाळण्याच्या बाबतीत होतं. तुमच्या १४ फाइल्सपैकी कुणाला तीनच लागत असतील तर बाकीच्या ११ त्याच्या ॲपमध्ये जाऊ नयेत. पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘साइड-इफेक्ट्स: फॉल्स’ लिहून तुम्ही बंडलरला सांगू शकता की या फाइलीतलं काही वापरलं नसेल तर ती बेधडक सोडून दे. पण ही खूण फाइलीच्या पातळीवर काम करते. सगळं एका फाइलीत ओतलंत की सोडून द्यायला फाइलच उरत नाही. मग बंडलरला वाक्यागणिक विचार करावा लागतो, आणि फाइलीच्या वरच्या पातळीवर कुठे फंक्शन कॉल दिसला की तो बिचकतो आणि ते ठेवून देतो. ‘हा कॉल निर्धोक आहे’ असं सांगणारी ‘प्युअर’ नावाची खास कॉमेंट असते. पण टर्सरसारखे मिनिफायर, वेगळं सांगितलं नाही तर, ती कॉमेंटही काढून टाकतात. म्हणजे तुम्ही मेहनतीने खुणा लिहिल्यात आणि स्वतःच्याच दाबण्याने पुसल्यात.

म्हणून या लोकांना ईएस मॉड्यूल्स (इम्पोर्ट-एक्स्पोर्टने जोडलेल्या फाइल्स) द्या, सुटी, न दाबलेली, कॉमेंटसकट. आणि तुमची लायब्ररी फक्त नोडवर, म्हणजे ब्राउझरच्या बाहेर, चालत असती तर मी सांगितलं असतं, मिनिफाय मुळीच करू नका.

तुमच्या अवलंबनांनाही, म्हणजे तुमची लायब्ररी ज्या इतर लायब्ररींवर टेकलेली आहे त्यांनाही, हेच लागू. बंडल करताना तुम्ही दुसऱ्या कुणाची लायब्ररी आत ओढून घेतलीत, तर वापरणाऱ्याच्या ॲपमध्ये तिच्या दोन प्रती येतात, एक त्याची आणि एक तुमच्या पोटातली. मग एका प्रतीने बनवलेला ऑब्जेक्ट दुसरीला परका वाटतो आणि ‘इन्स्टन्स-ऑफ’ची तपासणी खोटी ठरते. अशा गोष्टी बाहेरच ठेवा.

मिनिफाय केल्यावर वागणूक बदलणारा कोड कसा ओळखायचा, हेही बघून ठेवा, कारण तुम्ही दाबलं नाही तरी तुमचे वापरकर्ते दाबणार आहेत. नियम सोपा आहे: तुमचा कोड कुठल्याही नावाकडे मजकूर म्हणून बघत असेल तर तो मोडणार. याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण अँग्युलर-जेएसचं, म्हणजे जुन्या पहिल्या पिढीतल्या अँग्युलरचं. ते फंक्शनच्या पॅरामीटरची नावं वाचून त्यावरून कुठली सेवा द्यायची ते ठरवत असे. मिनिफायरने ती नावं बदलली की सगळं कोसळे, म्हणून नावं स्ट्रिंगच्या रूपात वेगळी लिहायची पद्धत पडली. माझी चूक याच जातीची होती. विजेटच्या प्लगइनची नोंद मी क्लासच्या नावावर करत होते, म्हणजे कन्स्ट्रक्टरचं नाव वाचायचं आणि तीच किल्ली. माझ्याकडे वर्षभर नीट चाललं. मग एकाने लिहिलं की दोन प्लगइन लावले तर पहिलं गायब होतं. त्याच्या बिल्डमध्ये दोन वेगळ्या मॉड्यूलमधल्या दोन्ही क्लासना एकच एकाक्षरी नाव मिळालं होतं, आणि दुसऱ्याची नोंद पहिल्यावर बसत होती. हे सापडायला दोन शनिवार गेले. आता प्रत्येक प्लगइन स्वतःचं नाव स्ट्रिंगमध्ये लिहून आणतं. मिनिफायर स्ट्रिंगचा मजकूर बदलत नाही. तुमच्या १४ फाइल्समध्ये ‘डॉट नेम’ शोधून बघा, आणि इव्हॅलही. इव्हॅल दिसला की मिनिफायर त्याच्या आसपासची नावं बदलायला धजत नाहीत, त्यामुळे फाइल हवी तेवढी लहान होत नाही. प्रॉपर्टीची नावं छोटी करण्याचा पर्याय मात्र लायब्ररीत कधीच चालू करू नका. तुमची कुठली प्रॉपर्टी बाहेरचे लोक वापरतात हे मिनिफायरला कळायला मार्ग नसतो.

आता टूल. तुमच्या आकाराच्या लायब्ररीला मी रोलअप सुचवेन. ते मॉड्यूल्स एकाच स्कोपमध्ये सपाट करून मांडतं, त्यामुळे न दाबलेली फाइलही माणसाला वाचता येते. मिनिफायसाठी त्याला टर्सर जोडा. टर्सर २०१८ मध्ये अग्लिफाय या जुन्या मिनिफायरच्या, नवी जावास्क्रिप्ट समजणाऱ्या शाखेतून निघालं. ईएसबिल्ड वेगाने फार पुढे आहे, गोमध्ये लिहिलेलं आहे आणि जोडणं-दाबणं दोन्ही एकटंच करतं. पण १४ फाइल्सना वेगाचा फरक जाणवणार नाही, त्यामुळे ज्याचं कॉन्फिगरेशन तुम्हाला आणि पुढच्या सांभाळणाऱ्याला वाचता येईल ते घ्या. वेबपॅक मी ॲपसाठी ठेवते. तुमच्या फाइलीत देवनागरी किंवा अन्य बिगर-एएससीआय अक्षरं स्ट्रिंगमध्ये असतील, तर मिनिफायरला ती एस्केप करून लिहायला सांगा. ज्या पानावर कॅरेक्टर सेट जाहीर केलेला नाही तिथे ती नाही तर खिचडी होऊन दिसतात. ईएसबिल्ड हे आपणहून करतं, टर्सरला सांगावं लागतं.

आता दुसरी तक्रार, डिस्टवरचे कॉन्फ्लिक्ट. यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण इथे प्रश्न सोयीपेक्षा मोठा आहे. मिनिफाय केलेली फाइल म्हणजे एक-दोन अतिलांब ओळी. दोन जणांनी सोर्समध्ये दोन वेगळ्या जागी एकेक शब्द बदलला तरी डिस्टमध्ये दोघांची तीच ओळ बदलते. गिटला ते सोडवता येत नाही आणि माणसालाही नाही. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. पुल रिक्वेस्टमध्ये आलेली दाबलेली फाइल तुम्ही वाचू शकत नाही. म्हणजे कुणीतरी पाठवलेला, तुम्ही न वाचलेला कोड तुमच्या नावाने लोकांच्या पानावर चालणार. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या खूप वापरल्या जाणाऱ्या एनपीएम पॅकेजच्या बाबतीत जे झालं ते याच फटीतून. त्याच्यात एक नवं अवलंबन घातलं गेलं, आणि त्या अवलंबनाच्या एनपीएमवरच्या मिनिफाय केलेल्या फाइलीत बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करणारा कोड होता, जो गिटहबवरच्या सोर्समध्ये नव्हताच. सोर्स वाचणाऱ्याला काहीच दिसलं नसतं.

त्यामुळे माझ्याकडे नियम असा आहे: मुख्य शाखेत डिस्ट नाही, ते गिट-इग्नोरमध्ये. पुल रिक्वेस्टमध्ये डिस्ट आलं तर मी आपुलकीने लिहिते, ‘बदल छान आहे, फक्त डिस्ट काढून पुन्हा पाठवा, ते रिलीजच्या वेळी बनतं.’ रिलीज सीआयवर, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, बनतो, लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या नेमक्या आवृत्त्या बसवून, म्हणजे एनपीएम इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय. आणि प्रकाशित करण्याआधी एनपीएम पॅक चालवून पॅकेजमध्ये खरोखर काय जातंय ते डोळ्यांनी बघायचं. काही लोक तुमची लायब्ररी थेट गिटच्या टॅगवरून उचलत असतील, तर त्यांच्यासाठी फक्त रिलीजच्या टॅगवर डिस्ट कमिट करा, मुख्य शाखेवर नको. तुमच्याकडे असे लोक आहेत की नाही, हे तुम्हालाच माहीत. माझ्या एका लायब्ररीला हे करावं लागतं, दुसरीला नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे तोच सोर्स घेऊन कुणीही बिल्ड केलं तर बाइट-बाइट तीच फाइल निघावी. मी पूर्वी फाइलीच्या माथ्यावर बिल्डची तारीख आणि वेळ छापत असे. त्यामुळे दोन बिल्ड कधीच सारखे निघत नसत आणि तुलना करणं अशक्य होई. ती काढून मी फक्त आवृत्ती क्रमांक ठेवला. मग विंडोजवरच्या आणि लिनक्सवरच्या ओळ-समाप्तीचा फरक होता, तो गिटच्या सेटिंगने मिटवला. आता एखाद्याला शंका आली तर तो टॅग उतरवतो, बिल्ड करतो, हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळवतो आणि त्याला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही.

ओपन सोर्स म्हणवून घ्यायचं तर मिनिफाय केलेली फाइल सोर्स धरली जात नाही, हेही ध्यानात असू द्या. ओपन सोर्सच्या अधिकृत व्याख्येतच म्हटलं आहे की मुद्दाम दुर्बोध केलेला कोड किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून निघालेलं मधलं रूप सोर्स म्हणून चालणार नाही. जीपीएलमध्ये सोर्स म्हणजे बदल करायला सोयीचं असलेलं रूप. डेबियनवाले याच कारणाने सोर्सशिवाय आलेली मिनिफाय फाइल स्वीकारत नाहीत. त्यामुळे एनपीएम पॅकेजमध्ये मूळ फाइल्सही जाऊ द्या.

लायसन्सची कॉमेंटही इथेच येते. एमआयटी लायसन्सची अटच आहे की कॉपीराइटची सूचना प्रत्येक प्रतीत राहिली पाहिजे, आणि मिनिफायर कॉमेंट काढतो. उद्गारचिन्हाने सुरू होणारी किंवा लायसन्स, प्रिझर्व्ह अशी खूण असलेली कॉमेंट बहुतेक मिनिफायर ठेवतात. तुमची सूचना तशी लिहा. एका ओळीची पुरे: नाव, आवृत्ती, लायसन्स, पत्ता. आत दुसऱ्या कुणाचा कोड जोडला असेल तर त्याचीही सूचना राहिली पाहिजे. बिल्ड झाल्यावर फाइल उघडून एकदा बघा.

सोर्स मॅप, म्हणजे दाबलेल्या कोडची मूळ ओळींशी सांगड घालणारी फाइल, द्या, आणि त्यातच मूळ कोडचा मजकूर घालून द्या. ब्राउझर तो डेव्हलपर टूल्स उघडल्यावरच मागवतो, त्यामुळे साध्या वाचकावर बोजा पडत नाही. पण तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारीत ‘टीच्या आत ई’ऐवजी खऱ्या फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक असतो.

तर तुमच्या पॅकेजमध्ये शेवटी हे असेल: सोर्समधली सुटी ईएस मॉड्यूल्स, स्क्रिप्ट टॅगसाठी एक जोडलेली पण वाचता येणारी फाइल आणि तिच्याच शेजारी तिची मिनिफाय केलेली प्रत, मॅपसकट. स्क्रिप्ट टॅगच्या दोन्ही फाइल्स जुन्याच ग्लोबल नावाने लायब्ररी उघडतील, म्हणजे आजच्या वापरकर्त्यांचं काही बदलणार नाही.

हे एका झटक्यात करू नका. या आठवड्यात फक्त चिकटवणं दुरुस्त करा: क्रमाची यादी, प्रत्येक फाइल फंक्शनमध्ये, शेवटी सेमीकोलन आणि जोडलेल्या फाइलीवर टेस्ट. मग एकेक फाइल इम्पोर्ट-एक्स्पोर्टवर आणा. ज्या फाइलीला इतर कुठल्याच फाइलीची गरज नाही, बहुधा छोट्या मदतनीस फंक्शनांची, तिच्यापासून सुरुवात करा. वाटेत दोन फाइल्स एकमेकींना मागताहेत असं आढळेल. ग्लोबल ऑब्जेक्टमुळे ते आजवर झाकलेलं होतं. रोलअप त्याची वॉर्निंग देतं. ती दाबून टाकू नका, दोघींना हवा असलेला तुकडा तिसऱ्या फाइलीत काढा.

आणि मोडकी फाइल आत्ता लोकांच्या हातात आहे, तिचं काय? ती जागच्या जागी बदलू नका. एनपीएम तुम्हाला त्याच क्रमांकावर पुन्हा प्रकाशित करू देणारच नाही. पण तुमच्या स्वतःच्या साइटवर किंवा गिटहब रिलीजला जोडलेली प्रत बदलण्याचा मोह होईल. ज्यांनी स्क्रिप्ट टॅगवर इंटिग्रिटीचा हॅश लिहिला आहे, त्यांचा ब्राउझर बदललेली फाइल चालवायला नकार देईल आणि त्यांचं पान आज चालत असेल तर तेही बंद पडेल. शेवटचा आकडा एकाने वाढवून नवी आवृत्ती काढा, जुनीवर एनपीएम डेप्रिकेटने ‘जोडलेली फाइल सदोष आहे, पुढची घ्या’ अशी एक ओळ लावा, आणि ज्याने ती एरर कळवली त्याला नव्या आवृत्तीचा क्रमांक देऊन त्याच्या पानावर तपासून बघायची विनंती करा. तो इश्यू त्याचं उत्तर आल्यावरच बंद करा.